टाइम क्रिस्टल : ठोका एका लयीत, उत्तर दुसऱ्या लयीत. यात नवं नेमकं काय?

मुक्तछंद

टाइम क्रिस्टलबद्दल बरेच दिवस वाचतो आहे आणि दर वेळी एकाच जागी येऊन अडतो आहे. इथे भौतिकशास्त्रातली मंडळी आहेत, म्हणून विचारतो.

मला समजलं ते असं. निसर्गाचे नियम अवकाशात सगळीकडे सारखे असतात, तरी स्फटिकातले अणू मात्र ठरावीक अंतरांवरच बसतात. नियमांत असलेली सममिती वस्तूत उरत नाही, ती आपोआप मोडते. २०१२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक विल्चेक यांनी विचारलं की हेच काळाच्या बाबतीत का होऊ नये? नियम कालही तेच आणि आजही तेच, पण वस्तू स्वतःहून एखादी लय धरते, असं का होऊ शकणार नाही?

इथवर प्रश्न सुंदर आहे. पण प्रत्यक्ष प्रयोग वाचायला घेतले की चित्र वेगळं दिसतं. स्पिनांच्या, म्हणजे अणूंमधल्या चिमुकल्या चुंबकांच्या, एका समूहावर ठरावीक वेळाने पल्स, म्हणजे क्षणिक धक्के, मारत राहतात. समूह दर पल्सनंतर मूळ स्थितीत येत नाही, दर दोन पल्सनंतर येतो. म्हणजे एका ठोक्याच्या लयीने हलवलं आणि उत्तर दोन ठोक्यांच्या लयीत आलं. याला टाइम क्रिस्टल म्हणतात.

माझा आक्षेप इथेच आहे. १८३१ मध्ये फॅरडेंनी थरथरत्या पात्रातल्या द्रवावर उठणाऱ्या लाटा पाहिल्या होत्या. त्या लाटा पात्राच्या निम्म्या वारंवारतेने हलतात. झोक्यावर उभं राहून झोका चढवणारं प्रत्येक मूल हेच करतं. एका झोक्यात ते दोनदा बसतं, दोनदा उठतं, म्हणजे झोक्याची लय त्याच्या उठाबशीच्या निम्मी असते. मग ही पदार्थाची नवी अवस्था कशी? जुन्याच गोष्टीला नवं नाव दिलंय का? मला खरोखर समजून घ्यायचं आहे, म्हणून जरा ठासून विचारतोय.

अनाहत

वाचतोय. हा प्रश्न मलाही पडला होता, विचारायचा राहून गेला.

केशर_प

प्रश्न योग्य आहे. आधी मधला इतिहास सांगते, कारण विल्चेक यांची कल्पना आणि आजचे प्रयोग यांच्यात एक मोठं वळण आहे आणि ते वगळलं की गोंधळ होतो.

विल्चेक यांना हवं होतं ते फार धाडसी होतं. बाहेरून काहीही न ढवळता, सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेतच वस्तू फिरत राहावी असं त्यांना हवं होतं. त्यासाठी त्यांनी एक नमुना मांडला: एकमेकांना ओढणाऱ्या कणांचं कडं, कड्यातून जाणारा चुंबकीय फ्लक्स आणि त्यात कणांचा एक पुंजका अखंड फिरतो आहे. पॅट्रिक ब्रुनो यांनी दाखवलं की फिरणारा पुंजका ही त्या नमुन्याची सर्वांत कमी ऊर्जेची अवस्थाच नाही. पुढे २०१५ मध्ये वातानाबे आणि ओशिकावा यांनी सर्वसाधारण सिद्धता दिली. आंतरक्रिया फार लांब पल्ल्याच्या नसतील तर सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेत किंवा औष्णिक समतोलात टाइम क्रिस्टल असूच शकत नाही.

म्हणजे तो दरवाजा बंद झाला. पण सिद्धतेत "समतोल" हा शब्द आहे. सतत ठोके खाणारी प्रणाली समतोलात नसते. त्याच वर्षी क्रिस्तोफ साखा यांनी हलत्या आरशावर उसळणाऱ्या अणूंचा नमुना मांडला. २०१६ मध्ये खेमानी, लाझारिडेस, मोस्नर आणि सोंधी, तसंच एल्स, बाऊअर आणि नायक यांनी ठोके खाणाऱ्या क्वांटम प्रणालींत हा क्रम कसा टिकतो ते दाखवलं. आज बहुतेक वेळा टाइम क्रिस्टल म्हणतात ते या जातीला.

इथे मोडणारी सममितीही वेगळी आहे. नियम आता प्रत्येक क्षणी सारखे नाहीत, दर ठोक्याला सारखे आहेत. ती ठोक्याची सममिती मोडून प्रणाली दोन ठोक्यांची लय धरते. आणि इथे लय दुप्पट होणं दुय्यम आहे. बघायचं ते हे की ठोका थोडा चुकला तरी ती लय अचूक दुप्पटच राहते का.

गणिती_किडा

केशरताईंच्या शेवटच्या वाक्याला आकडे जोडतो. त्याशिवाय त्याचं वजन कळत नाही.

समजा प्रत्येक पल्स स्पिन १८० अंशांनी उलटवते. दोन पल्स झाल्या की स्पिन जागेवर. इथे दोन ठोक्यांची लय दिसतेच, पण ती आपण बाहेरून लादलेली आहे. यात काही विशेष नाही.

आता पल्स ५ टक्के कमी पडू द्या, म्हणजे १७१ अंश. प्रत्येक ठोक्याला ९ अंशांची तूट. स्पिन एकमेकांशी बोलत नसतील तर ही तूट साचत जाते. १० ठोक्यांनंतर सिग्नल शून्यावर येतो, २० ठोक्यांनंतर चिन्ह उलटं होऊन परततो, ४० ठोक्यांनंतर पुन्हा मूळ जागी. सिग्नलमध्ये चढउतार दिसतात आणि त्याचं वर्णपट काढलं तर बरोबर निम्म्या वारंवारतेवरचं शिखर दुभंगून दोन शिखरं होतात, एक थोडं अलीकडे, एक थोडं पलीकडे.

मग दोन पल्सच्या मधल्या वेळात स्पिनांना आपसांत आंतरक्रिया करू द्या. दुभंगलेली शिखरं परत एकत्र येतात आणि बरोबर निम्म्या वारंवारतेवर घट्ट उभी राहतात. पल्स अजूनही १७१ अंशांचीच आहे! ती तूट भरून कोण काढतं? स्पिनांचा समूह. बाहेरून कोणी दुरुस्ती केलेली नाही.

तूट फार वाढवली तर हा क्रम वितळतो. म्हणजे त्याला हद्द आहे, हद्दीपलीकडे दुसरी अवस्था आहे. अवस्था हा शब्द वापरायचा अधिकार इथून मिळतो.

रानवाट

गणिती, मांडणी आवडली, पण मुक्तछंद यांच्या आक्षेपाला हे उत्तर नाही. झोकाही हेच करतो. उठाबशीची लय झोक्याच्या नैसर्गिक लयीच्या बरोबर दुप्पट नसली, जरा पुढेमागे झाली, तरी एका पट्ट्यात झोका तिच्याशी जुळवून घेतो आणि उत्तर बरोबर निम्म्या लयीतच येतं. ज्यांनी पॅरामेट्रिक रेझोनन्सचा, म्हणजे अशा उठाबशीने झोका चढण्याचा, आलेख काढला आहे त्यांना हा पट्टा चांगला माहीत असतो. पट्ट्याबाहेर गेलं की जुळणं संपतं. दृढता आली, हद्दही आली. मग झोका टाइम क्रिस्टल आहे का?

धुकं

ज्या विषयात एका ठोक्याला उत्तर येत नाही त्यावरच्या धाग्यात एका प्रतिसादात उत्तर मिळेल अशी अपेक्षाच नव्हती. :) चालू द्या, मजा येते आहे.

निरभ्र

रानवाट यांचा मुद्दा खरा आहे, त्यावर कोणीतरी नीट लिहाच. मी मध्येच एनएमआरच्या (अणुकेंद्रांच्या स्पिनांचा सिग्नल मोजण्याच्या तंत्राच्या) बाजूने थोडं लिहितो, कारण माझं रोजचं काम त्यातलं आहे.

१८० अंशांची पल्स नेमकी १८० अंशांची कधीच नसते. कॉइलच्या मध्यावर एक मूल्य, कडेला दुसरं. नमुन्यातल्या वेगवेगळ्या भागांतले स्पिन वेगवेगळ्या कोनांतून फिरतात. ही चूक साचू नये म्हणून पल्सची रचना करण्याचं एक अख्खं शास्त्र आहे: फेज आलटूनपालटून बदलायची, एका पल्सऐवजी अनेक पल्सचा जुडगा मारायचा. त्यामुळे २०१८ च्या सुमारास मी पहिल्यांदा वाचलं की साधी, एकसारखी, मुद्दाम चुकीची पल्स मारत राहिले आणि तरी कालावधी हलला नाही, तेव्हा मी तो आलेख पुन्हा पुन्हा पाहिला. आमच्याकडे स्पिनांमधली आंतरक्रिया म्हणजे सिग्नल मारणारी गोष्ट. तीच इथे लय सांभाळत होती.

त्या वर्षी एनएमआरचे दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. येल विद्यापीठातला अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेटच्या स्फटिकावर. हा नीटनेटका स्फटिक, त्यात अव्यवस्था, म्हणजे जागोजागचा वेडावाकडा फरक, जवळजवळ नाही, तरी निम्म्या वारंवारतेचं शिखर टिकलं. दुसरा आयसर पुणे इथल्या गटाचा. त्यांनी ताऱ्याच्या आकाराचे रेणू घेतले, मधोमध एक अणुकेंद्र आणि भोवती इतर. स्पिन ४, १० आणि ३७ असे तीन आकार. मधला आणि भोवतालचे यांच्यात आयसिंग प्रकारची, म्हणजे स्पिन वर आहे की खाली एवढंच बघणारी, आंतरक्रिया. दोन ठोक्यांची लय टिकली, मात्र तिचा जोर हळूहळू ओसरत गेला, आणि पल्स जितकी चुकीची तितका ओसर लवकर. मला त्यांचं स्पष्टीकरण विशेष वाटलं. शेजाऱ्यांच्या चुंबकत्वाभोवती स्पिन गिरक्या घेतो आणि त्यामुळे पल्सची चूक एकाच दिशेने साचत नाही, ती विखुरते. हे चित्र बरंचसं अभिजात यांत्रिकीचं आहे. म्हणजे प्रत्येक टिकाऊ लयीमागे गूढ क्वांटम कारणच शोधायला हवं असं नाही, आणि त्या लेखात हे मोकळेपणाने मांडलं आहे.

सावित्री_न

माझी अडचण वेगळी आहे. एखाद्या प्रणालीला सतत ठोके मारले तर ती तापायला हवी ना? पुष्कळ कण, पुष्कळ आंतरक्रिया, बाहेरून येणारी ऊर्जा. शेवटी सगळे स्पिन वाटेल तसे, चुंबकत्व शून्य, लय संपली. मग इथे तसं का होत नाही?

केशर_प

सावित्री, या विषयाचा गाभा म्हणावा असा हाच प्रश्न आहे. आणि रानवाट यांच्या झोक्याचं उत्तरही इथूनच निघतं.

बहुतेक प्रणालींच्या बाबतीत तुम्ही म्हणता तेच घडतं. ठोके खाणाऱ्या प्रणालीत ऊर्जा अक्षय राहत नाही, त्यामुळे तापण्याला वरची मर्यादा घालणारं काही नसतं. अनंत तापमानाची अवस्था, म्हणजे संपूर्ण सरमिसळ, हाच शेवट.

झोका तापत नाही, कारण झोक्याला घर्षण आहे. मुलाने घातलेली ऊर्जा हवेत आणि कड्यांत जाते. झोक्याच्या लयीतली जी दृढता रानवाट सांगतात ती घर्षणामुळे आलेली आहे. ठोका ऊर्जा देतो, घर्षण ती काढून घेतं, आणि दोघांच्या हिशेबात एक स्थिर लय उरते. आता घर्षण काढून टाका आणि एका झोक्याऐवजी एकमेकांना बांधलेले असंख्य झोके घ्या. साधारणपणे सगळ्यांची गती बेताल होऊन जाईल. २०१६ च्या सिद्धांताचा दावा असा आहे की बाहेरच्या जगाशी संबंध नसलेल्या, घर्षण नसलेल्या, असंख्य कणांच्या क्वांटम प्रणालीत तसं न होता लय टिकू शकते. फॅरडेंच्या द्रवात हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण द्रवाला चिकटपणा आहे.

टिकण्याचे मार्ग दोन. पहिला, बहुकण स्थानबंधन. कणांवरच्या क्षेत्रांची किंवा कणांमधल्या आंतरक्रियांची मूल्यं जागोजागी वेडीवाकडी असतील, म्हणजे अव्यवस्था असेल, तर ऊर्जा एका जागेवरून दुसरीकडे पसरूच शकत नाही. अँडरसन यांनी १९५८ मध्ये एकट्या इलेक्ट्रॉनसाठी हे दाखवलं, २००६ च्या आसपास आंतरक्रिया असलेल्या कणांसाठी त्याचा सिद्धांत उभा राहिला. ऊर्जा पसरत नाही, म्हणून प्रणाली तापत नाही. दुसरा मार्ग ठोके फार जलद मारण्याचा. ठोक्याची वारंवारता स्पिनांमधल्या आंतरक्रियेच्या मानाने खूप मोठी असेल, तर एका ठोक्यातली ऊर्जा शोषायला अनेक स्पिनांनी एकाच वेळी उलटावं लागतं, आणि ते फार दुर्मीळ. तापायला लागणारा वेळ वारंवारतेबरोबर घातांकी वाढतो. इथे लय कायमची नसते, पण फार लांबते. २०२१ मध्ये २५ आयनांवर हे करून दाखवलं गेलं. या मार्गात सुरुवातीची अवस्था कमी ऊर्जेची असावी लागते, कुठूनही सुरुवात केली तर चालत नाही. स्थानबंधनाच्या मार्गात मात्र कुठल्याही अवस्थेतून सुरुवात केली तरी लय मिळायला हवी. हा फरक पुढे फार कामाला येतो.

तळटीप

केशर यांच्या शेवटच्या दोन वाक्यांवरून पुढे जातो. माझं मत इथल्या सूरापेक्षा कडक आहे.

२०१७ मध्ये दोन प्रयोग एकाच वेळी गाजले. मेरीलँड विद्यापीठातला १० यटर्बियम आयनांचा, आणि हार्वर्डमधला, हिऱ्यातल्या सुमारे १० लाख नायट्रोजन-पोकळी केंद्रांचा (एका कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि शेजारची जागा रिकामी, असे दोष), तोही सामान्य तापमानाला. दोन्हीत दोन ठोक्यांची दृढ लय दिसली. दोन्ही देखणे प्रयोग आहेत. पण स्थानबंधनावर उभा असलेला टाइम क्रिस्टल यांपैकी एकाही प्रयोगात सिद्ध झाला, असं मी म्हणणार नाही.

हिऱ्याचं कारण सरळ आहे. त्रिमितीत पसरलेली केंद्रं आणि अंतराच्या घनाने कमी होणारी आंतरक्रिया, यांत स्थानबंधन टिकत नाही. तिथली लय सावकाश तापण्यामुळे दिसते. आयनांचं कारण जास्त बारीक आहे. अव्यवस्था घातली होती ती प्रत्येक आयनावरच्या क्षेत्रात. पण जवळपास १८० अंशांची पल्स मारली की क्षेत्राचा परिणाम एका ठोक्यात एका बाजूने आणि पुढच्या ठोक्यात उलट बाजूने होतो, म्हणजे दोन ठोक्यांत तो जवळजवळ खोडला जातो. अव्यवस्था हवी ती आयनांमधल्या आंतरक्रियेत, कारण दोन्ही स्पिन उलटले तरी आंतरक्रिया तशीच राहते.

म्हणून मला २०२१ चे दोन प्रयोग जास्त महत्त्वाचे वाटतात. डेल्फ्टमध्ये हिऱ्यातली कार्बन-१३ ची ९ अणुकेंद्रं वापरली. गूगलच्या सिकॅमोर या क्वांटम प्रोसेसरवर २० क्यूबिटांची (क्वांटम बिटांची) साखळी घेतली, आंतरक्रिया मुद्दाम वेड्यावाकड्या ठेवल्या, पल्स ३ टक्क्यांनी चुकीची ठेवली. आणि खरं काम त्यानंतर केलं. एक, वेगवेगळ्या सुरुवातीच्या अवस्था तपासल्या. लय सगळ्यांत सारखीच टिकते का? टिकली. दोन, १०० ठोक्यांत सिग्नल ओसरत होता, तो यंत्राच्या दोषाने की प्रणाली आतून तापत असल्याने, हे वेगळं करण्यासाठी त्यांनी सगळे ठोके पुढे चालवले आणि मग तेच उलट क्रमाने मागे. आदर्श यंत्रात सुरुवातीची अवस्था तंतोतंत परत यायला हवी. जितकी कमी आली तितका यंत्राचा दोष. तो वजा केल्यावर उरलेली लय ओसरत नव्हती. तीन, साखळीची लांबी बदलून पाहिली.

केवळ लांबलचक आलेख बघून हे काहीच कळलं नसतं. लय टिकणं आणि ती का टिकली हे दाखवणं, यांत दुसरं काम कितीतरी कठीण असतं.

मुक्तछंद

तळटीप, मनापासून आभार. क्षेत्राचा परिणाम दोन ठोक्यांत खोडला जातो हे कागदावर मांडून पाहिलं, स्वच्छ दिसतं.

पण मग थेट विचारतो. स्थानबंधन स्वतः अनंत काळ टिकतं का? मध्येच कुठेतरी अव्यवस्था योगायोगाने कमी असलेला तुकडा असेल आणि तो तापला, तर शेजारच्यांनाही तापवत जाईल ना?

आणि दुसरं, बातम्यांत याला कधीकधी अखंड गतीचं यंत्र म्हणतात. त्याचं काय?

तळटीप

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तुम्ही सांगताय त्यालाच हिमस्खलनाची अस्थिरता म्हणतात आणि २०१७ पासून त्यावर गंभीर काम चालू आहे. दोन किंवा तीन मितींत असे तुकडे शेवटी सगळ्यांना गिळतात असा युक्तिवाद आहे. एका मितीत अव्यवस्था पुरेशी तीव्र असेल तर स्थानबंधन टिकावं, पण किती तीव्र हा वाद मिटलेला नाही, आणि संगणकावर जेवढ्या साखळ्या सोडवता येतात त्यांवरून बांधलेले जुने अंदाज आता फार आशावादी वाटतात. म्हणून मी गूगलच्या प्रयोगाबद्दलही "अनंत काळ" असा शब्द वापरणार नाही. २० क्यूबिट आणि १०० ठोके, या चौकटीत तो पक्का आहे.

दुसऱ्याचं: नाही. लेझर चालू आहे, पल्स चालू आहे. प्रणाली सरासरीने ऊर्जा शोषत नाही, म्हणून तिच्याकडून काम करून घेता येत नाही. गतीतून काम काढायला गेलात तर क्रमच मोडेल.

रानवाट

घर्षणाचा मुद्दा पटला. पण मग एक गाठ दाखवतो. घर्षण नसलेली बंद प्रणाली हीच खरी नवलाई असेल, तर २०२२ चा हॅम्बुर्गचा प्रयोग कुठे बसवायचा? तिथे प्रकाशीय पोकळीत, म्हणजे समोरासमोरच्या आरशांमधल्या जागेत, रुबिडियमच्या अणूंचं बोस-आइन्स्टाइन संघनित (एकजुटीने वागणारा अतिथंड पुंजका) आहे आणि त्यावर लेझर एकसारखा, न लुकलुकता पडतो आहे. ठोकाच नाही. तरी पोकळीतल्या प्रकाशाची तीव्रता स्वतःहून चढउतार करू लागते. पोकळीतून प्रकाश बाहेर गळतो, म्हणजे ऱ्हास आहे, घर्षणाचाच प्रकार. त्याला अखंड टाइम क्रिस्टल म्हणतात. डॉर्टमुंडच्या गटाने २०२४ मध्ये इंडियम गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकातल्या अणुकेंद्रांच्या स्पिनांत अशी लय निदान ४० मिनिटं टिकवली. ऱ्हास चालत असेल तर झोकाही चालायला हवा. आणि साधा लेझर? स्थिर वीज द्या, प्रकाशाची लय आपोआप उठते.

केशर_प

गाठ खरी आहे, आणि माझ्या मते लेझरला दार बंद करता येत नाही. हॅम्बुर्गच्या प्रयोगातली मला आवडलेली गोष्ट अशी. प्रयोग पुन्हा पुन्हा केला तर दर वेळी लयीची सुरुवात वेगळ्या क्षणी होते, शून्य ते ३६० अंशांत कुठेही. बाहेरून तो क्षण कोणी ठरवत नाही, प्रणाली निवडते. काळाची अखंड सममिती आपोआप मोडली याचा हा थेट पुरावा आहे. लेझरच्या प्रकाशाची फेजही अशीच यादृच्छिक निवडली जाते, आणि फोटॉन वाढवत नेले की तिचं भरकटणं कमी होतं. मग तत्त्वतः लेझर त्याच घराण्यातला. मला यात अडचण वाटत नाही. विल्चेक यांच्या मूळ प्रश्नाच्या भावनेला हा प्रकार जास्त जवळचा आहे, पण तो बंद प्रणालीतल्या चमत्काराइतका अवघड नाही. दोन्हींना एकच नाव आहे म्हणून वाद होतो.

अनाहत

या सगळ्याचा उपयोग काय, हेही कोणीतरी लिहा ना.

निरभ्र

आज हातात घ्यावं असं उपकरण नाही. आशा आहे ती मोजमापाकडून. क्षीण चुंबकीय क्षेत्र मोजायचं असेल तर पुष्कळ स्पिन जवळजवळ ठेवावे लागतात, पण जवळ ठेवले की त्यांच्या आपसांतल्या आंतरक्रियेने सिग्नल मरतो. आंतरक्रियाच लय सांभाळणार असेल तर हा पेच सुटू शकतो, असा विचार आहे. क्वांटम प्रोसेसर किती शाबूत चालतो हे तपासायला मात्र टाइम क्रिस्टल आत्ताच उत्तम कसोटी आहे. वर तळटीप यांनी सांगितलेलं पुढे-मागे चालवणं बघा. क्वांटम संगणकाची स्मृती यावर बनेल अशा बातम्या वाचल्या की मला वाईट वाटतं, कारण मूळ काम त्याशिवायही पुरेसं मोठं आहे.

गणिती_किडा

झोक्याबद्दल एक उरलंय. दोन ठोक्यांच्या लयीला दोन पर्याय असतात: सम ठोक्यावर वर किंवा विषम ठोक्यावर वर. एकटा झोका गोंगाटात, म्हणजे यादृच्छिक धक्क्यांत ठेवला तर कधी ना कधी तो एका पर्यायातून दुसऱ्यात उडी मारतो. उडीचा दर कमी करता येतो, शून्य करता येत नाही. अवस्था म्हणायचं असेल तर कण वाढवत नेल्यावर हा दर शून्याकडे जायला हवा. म्हणून अनेक कण लागतात, आणि म्हणून एका झोक्याचं उदाहरण सुरुवातीलाच लंगडं पडतं, घर्षण असो वा नसो.

एकमेकांना बांधलेल्या अभिजात लंबकांची साखळी, उष्णतेचा गोंगाट धरून, २०२० मध्ये तपासली गेली आहे. लय फार लांब टिकते, पण कायमची नाही. एका मितीत एक तुकडा चुकीच्या पर्यायात गेला की त्याच्या सीमा सरकायला फारसं काही आडवं येत नाही.

मुक्तछंद

हे नेमकं उत्तर होतं. म्हणजे दुप्पट लय जुनी, दृढ लयही जुनी. कण वाढतील तशी न सुटणारी लय, आणि तीही घर्षणाच्या मदतीशिवाय, हे नवं. हे मला मान्य आहे. लेझरला त्याच नावाखाली घ्यायला मात्र मी अजून तयार नाही, तिथे रानवाटांच्या बाजूला आहे.

शेवटचं विचारतो. नेहमी दोनच ठोके का? तीन का नाहीत?

सावित्री_न

याचं उत्तर मी शोधून ठेवलं होतं, म्हणून मीच देते. तीनही होतात. हार्वर्डच्या त्याच २०१७ च्या प्रयोगात ते दाखवलं आहे. हिऱ्यातल्या त्या केंद्राला दोन नाही, तीन पातळ्या असतात. नेहमी त्यांतल्या दोन वापरतात. तिन्ही वापरून प्रत्येक ठोक्याला पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, तिसरीतून पहिलीत अशी फिरवाफिरव केली तर तीन ठोक्यांनी मूळ स्थिती येते, आणि पल्स थोडी चुकली तरी तीनच राहते. या पद्धतीत किती ठोके, हे प्रणालीत फिरवण्याजोग्या किती पातळ्या आहेत त्यावर ठरतं. हिऱ्यातच पुढे ज्यांचं गुणोत्तर दोन पूर्णांकांत मांडता येत नाही अशा वारंवारता एकत्र वापरूनही प्रयोग झाले. तिथे कुठल्याच ठोक्यानंतर मूळ स्थिती तंतोतंत परत येत नाही, तरी वर्णपटात ठरावीक जागीच शिखरं मिळतात. त्याला टाइम क्वासिक्रिस्टल म्हणतात. त्यासाठी वेगळा धागा काढणार का कोणी?

तळटीप

काढतो. आठवडाभरात.